चिकन-मासळी ताजी आहे का सांगणारं गॅस सेन्सरवालं मशीन : घ्यावं का?

सासूबाईंना कोविडनंतर वास नीट येत नाही आणि दुपारचा स्वयंपाक त्याच करतात, म्हणून हे ऑनलाइन मागवलं. टीव्हीच्या रिमोटएवढं आहे, पुढे जाळी, आत अमोनिया वगैरे पकडणारे सेन्सर, कच्च्या मटण-चिकन-मासळीवर धरायचं की मोबाईलवर हिरवा, पिवळा नाहीतर लाल येतो.

चिकनला खरंच कामाचं आहे. फ्रीजमध्ये मागे राहून गेलेली पिशवी सासूबाईंनी उघडली, त्यांना काहीच वास आला नाही पण मशीन लाल झालं, मी येऊन हुंगलं तर आंबूस वास येतच होता. एवढ्यासाठी तरी पैसे वसूल.

पण वापरायची पद्धत आहे. आतला सेन्सर २०० ते ४०० अंशांपर्यंत तापतो तेव्हाच काम करतो, त्यामुळे चालू करून थोडं थांबावं लागतं आणि बॅटरी भराभर उतरते. हाताला सॅनिटायझर लावलेलं असेल तर ताजं पापलेटसुद्धा लाल, कारण अल्कोहोलची वाफही तो पकडतो. आलं-लसूण लावून ठेवलेल्या चिकनवर तर धरूच नका. पावसाळ्यात दमट हवेने रीडिंग इकडेतिकडे होतं. मोरीच्या (म्हणजे छोट्या शार्क माशाच्या) अंगात मुळातच युरिया असतो, त्याचा अमोनिया होतो, म्हणून तिच्यावरचा लाल रंग बघून लगेच फेकू नका, बर्फ किती होता, कधीची आहे ते कोळीण मावशींना विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बांगडा आणि कुपा (ट्यूना) बर्फाशिवाय राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, ते खाल्लं की तोंड लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं. हिस्टामिन हवेत उडत नाही, त्यामुळे त्याला वास नाही आणि ह्या मशीनला ते कळतच नाही, हिरवा दाखवेल. आणि शिजवून, तळूनही ते जात नाही! साल्मोनेलासारख्या जंतूंचंही तसंच, वास यायच्या आधीच माणूस आजारी पडू शकतो, फक्त ते नीट शिजवलं की मरतात. म्हणून बांगडा घेताना मी अजूनही कल्ले उचलून बघते, बर्फातला असेल तरच घेते आणि घरी आल्याआल्या फ्रीजमध्ये टाकते.

घरात कुणाला वास येत नसेल तर घ्या, बाजारात मासे निवडायला नको. आणि कंपनीने हिस्टामिनचं बॉक्सवर मोठ्या अक्षरात, मराठीत छापायलाच हवं, कारण आमच्या सासूबाई हिरवा दिवा बघून निर्धास्त झाल्या होत्या.