ओ-रिंग चेनचं किट: माल चांगला, लॉक यथातथाच

बाइकच्या मागच्या स्प्रॉकेटवरून (दातेरी चक्रावरून) चेन बोटांनी ओढली, तर अर्धा दात उघडा पडत होता. दातही एका बाजूला कलून टोकदार झालेले. नुसती चेन बदलून भागत नाही; झिजलेले दात नव्या चेनलाही लवकर खातात. म्हणून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र असलेलं, 428 मापाच्या चेनचं किट घेतलं, पुढे 14 दात, मागे 42.

साध्या चेनपेक्षा ओ-रिंगवाली (सांध्यांत रबरी रिंगा असलेली) महाग पडते, पण मला ती पटली. चेन ‘लांबते’ ती पट्ट्या ताणल्यामुळे नव्हे, सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजल्यामुळे. ओ-रिंग नेमकं तिथलं ग्रीस धरून ठेवते. पेट्रोलने धुवायची मात्र नाही, रबर खराब होतं. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे.

स्प्रॉकेटची भोकं अचूक बसली, चाक फिरवताना चेन कुठे घट्ट, कुठे सैल होत नाही. गिअर बदलतानाचा खडखडाट गेला. (सायलेन्सरचा आवाज आता जास्त जाणवतो, ते वेगळं.)

नाराजी लॉकवर, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीवर आहे. तिची क्लिप पातळ, जादा एकही दिलेली नाही, आणि तिचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला ठेवायचं, हे खोक्यावर कुठेच छापलेलं नाही. किती ढील ठेवायची तेही नाही. ते गाडीच्या मॅन्युअलमधूनच बघा. मी क्लिप वेगळी आणून लावली.

पाचपैकी चार.