सात महिने फायबरचे, आणि फणसाच्या खिडकीतला तारेचा एक बाक

गुहागर तालुक्यातील आमच्या गावी जानेवारीत एका स्थानिक केबलचालकाकडून फायबर, म्हणजे काचतंतूच्या एकाच तारेवरून इंटरनेट आणि टीव्ही, घेतले. दरमहा ५९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सहा महिन्यांचे आगाऊ ४,२४१ रुपये. वेगाबद्दल माझी तक्रार नाही. मुंबईतील नातवंडांशी व्हिडिओवर बोलताना पूर्वी चेहरे गोठत असत, ते थांबले. वीज गेल्यावरही बारा व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर जोडणी दोन-अडीच तास टिकते. जुन्या केबलचे अँप्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारे डबे, खांबावर विजेवर चालत, त्यामुळे वरच्या वाडीतली वीज गेली तरी आमच्याकडचे चित्र जाई. फायबरच्या वाटेतील स्प्लिटरला, म्हणजे घरोघरी प्रकाश वाटून देणाऱ्या डबीला, मुळी वीज लागतच नाही. माझा मूळ विचार एवढेच लिहून पाच तारे देण्याचा होता.

मृगाचा पाऊस सुरू झाला आणि टीव्ही बिघडला. संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी चित्राचे चौकोन पडत, मग पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असे येई, आणि इंटरनेट मात्र उत्तम चाले. तक्रार केली की पलीकडून ठरलेले उत्तर मिळे, “नेट चालतंय ना काका, मग वायर ठीक आहे. सेट टॉप बॉक्स बंद करून चालू करा.” मी तो इतक्या वेळा बंद-चालू केला की त्याचे बटण आता सैल झाले आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत टीव्ही बंद असलेल्या दिवसांवर फुल्या मारत गेलो. जून-जुलै मिळून त्या २३ झाल्या. पैसे मात्र पूर्ण घेतलेले.

अखेर जुलैच्या शेवटी एक तरुण तंत्रज्ञ मीटर घेऊन आला, आणि इथे मला माझे मत बदलावे लागले. एकाच काचतंतूतून इंटरनेट १४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर घरात येते, १३१० वर बाहेर जाते, आणि टीव्हीचे सिग्नल १५५० वर येतात. तार कोठे तीव्र वळली, तर तरंगलांबी जितकी अधिक तितका प्रकाश तेथून अधिक गळतो. शिवाय टीव्हीला मुळातच जास्त प्रकाश लागतो. त्याच्या मीटरवर १४९० ची पातळी उणे २४ डीबीएम होती (हे प्रकाशाचे माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका प्रकाश अधिक), जी इंटरनेटला पुरते, आणि १५५० ची उणे १४, जी आमच्या टीव्हीला पुरत नव्हती. म्हणजे ‘नेट चालतंय, मग वायर ठीक आहे’ हे कार्यालयाचे पालुपदच चुकीचे होते.

तार कोठे वळली होती? माजघराच्या खिडकीत. आमच्या चौकटी फणसाच्या लाकडाच्या. पावसाळ्यात लाकूड फुगते, झडप ठोकून लावावी लागते, आणि जोडणी करणाऱ्यांनी तार नेमकी त्याच फटीतून आत घेतली होती. तंत्रज्ञाने झडप उघडताच आकडे उणे १९ आणि उणे ६ झाले व बातम्या स्वच्छ दिसू लागल्या.

आता प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की जानेवारीत त्या लोकांनी चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडण्याचे ३०० रुपये मागितले होते, आणि ते मीच नाकारले होते. चिरा म्हणजे काही काळा पाषाण नव्हे, हे मी त्यांना ऐकवलेही होते. तथापि भिंत चांगली दीड फुटाची आहे हे मला माहीत असले, तरी फटीत दबलेल्या तारेचे काय होते हे त्यांना माहीत असायला हवे होते, आणि ‘पावसाळ्यात त्रास होईल’ एवढे एक वाक्य ऐकले असते तर मी पैसे दिले असते. बहुधा दिले असते.

२३ दिवसांच्या भरपाईपोटी बरीच हुज्जत घालून पाच दिवस वाढवून मिळाले. भोकाचा दर दरम्यान ३५० झाला आहे. तूर्त झडपेखाली काडेपेटी ठेवून फट राखली आहे, टीव्ही चालतो, आणि त्या फटीतून डास येतात. तीन तारे.