गेमिंगसाठी लॅन केबल की ५ गिगाहर्ट्झ वायफाय?

गेम अडकायला लागला की आपण आधी स्पीड टेस्ट लावतो, आणि आकडा चांगला आला की आणखीच गोंधळतो. खेळताना डेटा थोडाच लागतो, पण तो वेळेवर पोचावा लागतो.

कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्यावर पिंग (छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) चालू ठेवा. केबलवर बहुधा एक मिलिसेकंद, पुन्हा एक, पुन्हा एक. वायफायवर ३, ४, ३ आणि मध्येच ८०. ही मधली उडीच खेळात झटका बनून येते. वायफायच्या एका चॅनेलवर (लहरींच्या एका पट्ट्यावर) साधारणपणे एका वेळी एकच उपकरण बोलतं, बाकीचे थांबतात. शेजाऱ्यांचे राउटरही त्याच रांगेत. केबलला ही रांगच नाही; साधी कॅट ५ई वायर १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देते. वायर ओढता येत असेल तर माझं मत सरळ केबललाच.

नसेलच जमत, तर ५ गिगाहर्ट्झ. जुन्या २.४ गिगाहर्ट्झ वायफायमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच (१, ६, ११), शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हचा त्रास. पण ५ गिगाहर्ट्झ भिंतींपुढे लवकर दमतं, म्हणून राउटर शक्यतो त्याच खोलीत हवा. आणि पीसीच्या कॅबिनेटमागे, पत्र्याआड दडलेला पीसीचा वायफाय अँटेना वायरवाल्या स्टँडवर घेऊन टेबलावर आणा. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

राउटरपर्यंतचा पिंग स्थिर असूनही गेम अडकत असेल, तर दोष बहुधा राउटरच्या पुढच्या इंटरनेट लाइनचा. मग घरात कुणाचा मोठा अपलोड चालू आहे का, ते आधी पाहा.