ग्रंथालयातील वैद्यकीय इतिहास आणि शाडूचे अकरा दंड

कोल्हापुरातील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सध्या वैद्यकाच्या इतिहासाविषयीची जुनी पुस्तके, चित्रे व उपकरणे मांडली असून, त्यांवरून सुचलेल्या संकल्पनात्मक कलाकृती कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याच शेजारी ठेवल्या आहेत. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा गेलो ते केवळ शाडूच्या दंडांसाठी.

खांद्यापासून कोपरापर्यंतचे असे अकरा दंड एका लाकडी फळीवर ओळीने ठेवले आहेत आणि प्रत्येकावर देवीच्या लशीचा वण आहे. शहरातील ज्येष्ठांच्या दंडांचे साचे घेऊन ते घडवले आहेत. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीजवळ वाढलेल्या मुलांना साच्याचे काम वेगळे शिकवावे लागले नसणार. एक वण रुपयाएवढा, कडेला चुण्या पडलेला. दुसऱ्या दंडावर दोन वण इतके जवळ की, लस टोचताना मूल हलले असावे असे वाटते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी काही न बोलता सदऱ्याची बाही वर सारून आपला वण मातीतल्या वणाशी ताडून पाहिला. भारत 1977 मध्ये देवीमुक्त घोषित झाला आणि ही लस हळूहळू बंद पडली, त्यामुळे ज्यांनी हे दंड घडवले त्यांच्यापैकी कोणाच्याही दंडावर असा वण असण्याचे कारण नाही.

शेजारच्या कपाटातील पाटीवर मात्र ‘मुंबईत पहिले लसीकरण, 1802’ एवढेच लिहिले आहे, आणि येथे मांडणी करणाऱ्यांनी हातची संधी घालवली आहे. त्या वर्षी 14 जून रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला टोचलेली लस बगदादहून बसऱ्यामार्गे मुंबईला पोहोचली होती, आणि ती वाटेत टिकून राहावी म्हणून एकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडावर टोचत आणावी लागली होती. हे एक वाक्य पाटीवर असते, तर ओळीने मांडलेल्या दंडांचा अर्थ आपोआप उलगडला असता.

दुसरी लक्षात राहणारी कलाकृती म्हणजे एक हजेरीचे मस्टर. फिलाडेल्फियाहून 1886 मध्ये पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशी यांची कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील, म्हणजे आजच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयातील, स्त्रियांच्या कक्षावर नेमणूक झाली होती. परंतु कामावर रुजू होण्यापूर्वीच 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मस्टरच्या पहिल्या ओळीत त्यांचे नाव आहे आणि पुढचे सर्व रकाने कोरे आहेत. त्यांत गैरहजेरीचा तांबडा शेराही मारलेला नाही, हा संयम मला फार आवडला. सीपीआरवरून रोज जाणाऱ्या कोल्हापूरकराला या पानासमोर दोन मिनिटे तरी थांबावे लागते.

बाकीच्या कलाकृतींबद्दल इतके सांगता येत नाही. एक्स-रे फिल्मचे पडदे आणि त्यामागचे निळे दिवे दिसायला आकर्षक आहेत, पण सोबतचे दीड पानाचे निवेदन वाचूनही त्यांचा वैद्यकाशी काय संबंध, हे कळत नाही. त्याउलट, स्टेथोस्कोपचा जनक मानला जाणारा फ्रेंच डॉक्टर लेनेक याने 1816 मध्ये कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले, त्यावरून ठेवलेला कोऱ्या कागदांचा गठ्ठा अगदी साधा आहे. आपणही सुरळी करून सोबत्याचे ठोके ऐकावेत. ग्रंथालयातील शांतता एरवी इतकी उपयोगी पडत नाही.

मांडणीतील उणिवा गंभीर आहेत. जुन्या कागदासाठी 50 लक्सपेक्षा अधिक प्रकाश नको असे संग्रहालयांत मानतात. येथे शरीररचनेच्या जुन्या चित्रांवर खिडकीतून दुपारचे ऊन थेट पडते आणि त्याच उन्हामुळे काचेत चित्राऐवजी आपलाच चेहरा दिसतो. निम्म्याहून अधिक पाट्या केवळ इंग्रजीत आहेत आणि त्यांचा टाइप इतका बारीक की, ज्यांच्या दंडावर वण आहे त्या वयाच्या माणसाला चष्मा लावूनही तो वाचवत नाही.

प्रवेश विनामूल्य आहे. पिशवी बाहेर ठेवून टोकन घ्यावे लागते. पन्नाशी उलटलेले कोणी घरात असेल, तर त्यांना बरोबर न्यावे. मातीच्या दंडांना हात लावू नये, अशी पाटी माझ्या दुसऱ्या भेटीपर्यंत लागली होती, पण तोवर पुढच्या दोन दंडांवरचे वण लोकांनी चाचपून चाचपून गुळगुळीत केले होते.