खगोलशास्त्रासाठी रत्नागिरीत बीएस्सी, की पुण्यात बीएस-एमएस?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बारावी सायन्स झालेल्या आणि आकाशाचं वेड असलेल्या मुलांचे पालक एकच विचारतात: घराजवळ फिजिक्स घेऊन बीएस्सी करायची, की पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत पाच वर्षांच्या बीएस-एमएसला, म्हणजे पदवी आणि मास्टर्स एकत्र करायला, जायचं? निव्वळ खगोलशास्त्राची पदवी आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी मिळते. त्याची हळहळ नको. पुढे आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात किंवा नारायणगावजवळच्या खोडदची ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण चालवणाऱ्या एनसीआरए या संस्थेत पीएचडी करायची, तर पाया फिजिक्स आणि गणिताचाच लागतो.

आयसरचं मोठं बळ म्हणजे शेवटचं वर्ष. ते प्रामुख्याने संशोधनात जातं, आणि आयुका, एनसीआरए त्याच शहरात आहेत. अडचण प्रवेशाची. बोर्डाच्या निकालात आपला कोकण विभाग पुढे असतो, पण आयसरला नंबर त्या गुणांवर लागत नाही, वेगळी परीक्षा असते. तिच्या ६० प्रश्नांपैकी १५ जीवशास्त्राचे. अकरावीलाच जीवशास्त्र सोडलेल्यांनी हे वेळीच ओळखावं. पाच वर्षांचा हॉस्टेलचा खर्चही धरून चाला.

बीएस्सीत खर्च कमी, घरचं जेवण, आणि अभ्यास वाटतो तितका दुय्यम नाही. प्रॅक्टिकलला सोडियमचा दिवा आणि ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी, मिळतं. स्पेक्ट्रोमीटरमधून आधी एकच पिवळी रेघ दिसते. फट अरुंद केली, फोकस नीट लावला आणि वरच्या ऑर्डरला, म्हणजे बाजूला आणखी मोठ्या कोनात रंग जास्त पसरलेले दिसतात तिथे, गेलं, की तिच्या दोन होतात: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. सूर्यप्रकाशाचे रंग असेच वेगळे केले, तर नेमक्या याच जागी दोन काळ्या रेघा असतात, कारण सूर्याच्या बाहेरच्या थरातलं सोडियम तेवढा प्रकाश शोषून घेतं. ताऱ्यात काय आहे हे कळतं ते याच रीतीने. जर्नल पूर्ण करायचं म्हणून रीडिंग उतरवून घेणाऱ्या मुलांच्या हातून हे निसटतं, याचं मला फार वाईट वाटतं.

बीएस्सीत उणीव राहते ती प्रोग्रॅमिंगची आणि संशोधनाच्या वातावरणाची. पायथन पहिल्या वर्षापासून स्वतः शिका. सुट्टीत आयुकाची उन्हाळी शाळा, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा एनआययूएस कार्यक्रम यांना अर्ज करा. नंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते.

आकाश आपलं सरस, यात वाद नाही. जानेवारीत दक्षिणेला अगस्तीचा तारा क्षितिजापासून वीसेक अंश वर येतो आणि गावाबाहेर गेलं की झगमगाट आड येत नाही. पण जून ते सप्टेंबर ढग. कॉलेज निवडताना दुर्बीण हा निकष धरू नका.

माझं मत स्पष्ट आहे. आयसरला नंबर लागला तर जावंच. नाही लागला, तर त्यासाठी वर्ष वाया घालवू नका, बीएस्सीला प्रवेश घ्या. फक्त फी भरण्याआधी कॉलेजात दोन गोष्टी विचारा: तिसऱ्या वर्षापर्यंत फिजिक्स मेजर (मुख्य विषय) म्हणून चालतं का, आणि त्याच्यासोबत गणित मायनर (जोडविषय) घेता येतं का.