अ‍ॅव्ही सॅव्ही: वर्गाला जाणं जमत नसेल, तर हिमस्खलन-सुरक्षेची सुरुवात इथून करा

बर्फाळ डोंगरात उतरायचंय, पण हिमस्खलन-सुरक्षेचा वर्ग लांब आहे किंवा तारखा जुळत नाहीत, अशांना आम्ही आधी 'अ‍ॅव्ही सॅव्ही' सुचवतो. 'अ‍ॅव्हलांच कॅनडा' या संस्थेचा हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम इंग्रजीत आहे आणि आपल्या सवडीने करता येतो. धोका ओळखायला तो उत्तम शिकवतो. गाडल्या गेलेल्या माणसाला बाहेर काढायला मात्र हाताला सराव लागतो, आणि तो पडद्यासमोर बसून होत नाही.

सगळ्यात सकस भाग उताराचा. स्लॅब प्रकारची, म्हणजे बर्फाचा अख्खा थर एकदम सुटून घसरणारी, स्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात. एवढं वाचलं की पुढे न जाता नकाशा उघडा. 1:25,000 चा नकाशा असेल आणि समोच्च रेषा 20 मीटरच्या असतील, तर 30 अंशांच्या उतारावर दोन रेषांमधलं अंतर साधारण 1.4 मिलिमीटर भरतं, 45 अंशांवर 0.8. पट्टी लावून आपल्या वाटेवरचे असे पट्टे रंगवा. 20 मीटरपेक्षा कमी उंचीचे तीव्र टप्पे नकाशात लपून जातात, म्हणून प्रत्यक्ष जागेवर उतारमापकाने खात्री करावीच लागते. वाट सपाट असली म्हणून निर्धास्त राहू नका. डोक्यावरचा उतार खालूनही सुटू शकतो. आणि वाट घळीतून जात असेल, तर लहानसं स्खलनही तिथे साचून माणसाला खोल गाडतं.

धोक्याचं बुलेटिन, म्हणजे त्या प्रदेशासाठीचा हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज, वाचायला शिकणं हा दुसरा मोठा फायदा. धोक्याच्या पाच पातळ्या असतात आणि नवखे लोक 3 ला 'मधली, म्हणजे चालेल' असं धरतात. ही समजूत जिवावर बेतते. कितीतरी मृत्यू याच पातळीला होतात. आकड्यापेक्षा हिमस्खलनाचा प्रकार जास्त सांगून जातो. वाऱ्याने रचलेली स्लॅब बहुधा कड्याच्या आडोशाला सापडते आणि सहसा काही दिवसांत स्थिरावते. खाली दबलेला कमकुवत थर आठवडेच्या आठवडे टिकतो आणि वरून काही कळत नाही. अशा उतारावर आधी दहा जणांच्या खुणा उमटलेल्या असल्या, तरी अकरावा सुरक्षित ठरत नाही.

यासाठी रोजचा एक सराव करा. एकच प्रदेश निवडा. बुलेटिन उघडण्याआधी हवामान पाहून वहीत लिहा: आज कोणता प्रकार, कोणत्या दिशेच्या उतारांवर, किती उंचीवर? मग ताडून पाहा. चूक बहुतेक वाऱ्याच्या दिशेत निघते, कारण बर्फ वारा येतो त्या बाजूला नाही, पलीकडच्या बाजूला साचतं.

बचावाचा भाग माहिती म्हणून चांगला आहे, पण इथे नुसती माहिती पुरत नाही. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आला, तर वाचण्याची शक्यता खूप असते. त्यानंतर गुदमरल्यामुळे ती झपाट्याने घसरते. बाहेरून मदत तेवढ्यात पोचत नाही. म्हणून प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (संकेत पाठवणारं आणि शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि धातूचं फावडं हवं, आणि तिन्हींचा सराव मैदानातही करता येतो.

एक ट्रान्सीव्हर प्रक्षेपणावर ठेवून पिशवीत घाला आणि सोबत्याला लपवायला सांगा. बाकी सगळ्यांनी आपापले शोधावर आणायचे. एकाचा जरी प्रक्षेपणावर राहिला, तरी तुम्ही त्याच्याच मागे धावाल. मोबाइल यंत्रापासून किमान 50 सेंटिमीटर लांब ठेवा किंवा बंदच करा. संकेत मिळाला की यंत्रावरच्या बाणामागे जा. वाट वळणाची निघेल, कारण संकेताच्या रेषाच वक्र असतात. अंतराचा आकडा वाढत चालला, तर उलट फिरा. शेवटच्या तीन मीटरमध्ये वेग अगदी कमी करा, यंत्र पृष्ठभागालगत धरा, आधी सरळ आणि मग आडवं सरकवा, आणि सर्वांत लहान आकडा शोधा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मनगट वळवणं. यंत्राची दिशा बदलली की आकडाही बदलतो आणि तुम्ही भलत्याच जागी प्रोब खुपसता.

प्रोब पृष्ठभागाला काटकोनात, 25 सेंटिमीटरच्या अंतराने, आतून बाहेर चक्राकार घाला. माणसाला लागला की प्रोब तिथेच राहू द्या. खोदताना बरोबर प्रोबपाशी सुरुवात करू नका. खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला सरका आणि तिथून आत शिरा, म्हणजे माल मागे ढकलता येतो. थांबलेलं स्खलन घट्ट आवळलेलं असतं; ढेकळं कापून काढावी लागतात आणि प्लास्टिकचं फावडं तिथे वाकतं किंवा मोडतं.

पर्यायांचं थोडक्यात. युटाहच्या हिमस्खलन केंद्राचं 'नो बिफोर यू गो' अगदी नवख्यांना धोक्याची जाणीव करून द्यायला छान आहे. आखणीसाठी ते अपुरं पडतं. स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या एसएलएफ या हिमस्खलन-संशोधन संस्थेचं 'व्हाइट रिस्क' बर्फाच्या थरांबद्दल अधिक खोलात जातं, पण ते दुसऱ्या टप्प्यावर घ्यावं.

एवढा अभ्यास झाला तरी 30 अंशांहून तीव्र उतारावर, किंवा अशा उताराच्या पायथ्याशी, स्वतःच्या निर्णयाने जाऊ नका. प्रत्यक्ष वर्ग मिळेपर्यंत सौम्य उतारावर राहा. वर्गाला जाल, तेव्हा बुलेटिन आणि नकाशा आधीच येत असल्यामुळे तिथला सगळा वेळ बर्फावरच्या सरावाला देता येईल.