आधी व्होल्ट मोजणारे गॅरेज

यवतेश्वरचा घाट चढताना माझी बारा वर्षांची पेट्रोल गाडी ॲक्सिलरेटर हलका दाबला की झटके खात असे आणि पूर्ण दाबला की मात्र मुकाट्याने चढत असे. आधीच्या गॅरेजने या विसंगतीकडे लक्ष न देता प्लग बदलले, पेट्रोल पंपही बदलला. झटके होते तसेच राहिले. शेवटी गाडी सातारा एमआयडीसीत, केवळ वायरिंग आणि फ्युएल इंजेक्शनची कामे करणाऱ्या एका छोट्या गॅरेजात नेली.

गाडीला जोडलेल्या स्कॅनरमध्ये बिघाडाचा एकही कोड आला नाही. तेवढ्यावर न थांबता मिस्त्रींनी थ्रॉटल (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारी, इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडा आहे हे सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या सिग्नलच्या वायरीला मागून पिन टोचून जुना काट्याचा मल्टिमीटर जोडला. "आकड्याचा मीटर क्षणाचा खड्डा दाखवत नाही साहेब, काटा दाखवतो," असे ते म्हणाले. इंजिन बंद, चावी चालू ठेवून त्यांनी हाताने थ्रॉटल उघडत नेला. काटा अर्ध्या व्होल्टपासून चढला, एक व्होल्ट ओलांडताच शून्याकडे कोसळला आणि लगेच पुन्हा वर आला.

या सेन्सरला ईसीयूकडून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडून, 5 व्होल्ट मिळतात. थ्रॉटलच्या दांड्याबरोबर फिरणारा स्पर्शक आत कार्बनच्या पट्टीवर सरकतो आणि थ्रॉटल बंद असताना सुमारे 0.5, तर पूर्ण उघडल्यावर सुमारे 4.5 व्होल्ट परत पाठवतो. गावातल्या गर्दीत थ्रॉटल बहुतेक वेळ जेमतेमच उघडा असल्याने पट्टी तिथेच जास्त झिजते. त्या जागी सिग्नल तुटला की ईसीयू पाय उचलला असे समजून पेट्रोल तोडतो. तूट क्षणिक असल्याने कोडही नोंदला जात नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्पर्शाविना चालणारे हॉल सेन्सर असतात, त्यांना ही झीज नाही.

जुन्या सेन्सरचे झाकण उचकटून मिस्त्रींनी काळ्या पट्टीवर नेमक्या त्याच जागी पडलेला चकचकीत चरा दाखवला. नवा सेन्सर बसवतानाही स्क्रू सैल ठेवून, थ्रॉटल बंद असताना मीटरवर अर्धा व्होल्ट येईपर्यंत तो किंचित फिरवला आणि मगच आवळला. परतताना घाटात गाडीने एकही झटका दिला नाही.

उणे बाजू सांगायची तर सुटा भाग पुण्याहून येईपर्यंत दोन दिवस गाडी तिथेच अडकली, आणि पक्के बिल दोनदा मागितल्यावर मिळाले. मजुरी मात्र सेन्सरच्या किमतीपेक्षा कमीच लागली.